कुरकुर कुणापुढे करायची

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात दोन तक्रारी आहेत. पहिली मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून सुटून रानातून चाललेल्या इस्राएली लोकांची. रोज मान्ना, म्हणजे देवानं रानात पुरवलेलं अन्न, खाऊन ते विटलेले, मांस हवं म्हणून जो तो आपापल्या तंबूच्या दाराशी रडत बसलेला. दुसरी त्यांचा पुढारी मोशे याची, आणि तिची भाषा कितीतरी कडक आहे. हे सगळे लोक काय माझ्या पोटचे आहेत, की दाईनं तान्ह्याला घ्यावं तसं मी यांना उराशी धरून न्यावं? असंच चालायचं असेल तर मला मारूनच टाक. असं तो थेट परमेश्वराला सुनावतो. लोकांच्या वाट्याला मरी आली. मोशेला ओझं वाटून घ्यायला 70 वडीलधारे मिळाले.

आमच्या प्रार्थना गटात नवीन कुणी आलं की मी हाच अध्याय आधी वाचायला लावते. ‘विश्वासणाऱ्यानं तक्रार करू नये’ असं लहानपणापासून ऐकलेली माणसं तक्रार गिळतात, आणि मग ती जेवताना, फोनवर, उपासनेनंतर मंडळीच्या (चर्चच्या) दारात बाहेर पडते. लोक देवाविषयी आपसांत बोलत राहिले, मोशे देवाशी बोलला. मला तरी सगळा फरक तिथे दिसतो. म्हणून कुरकुर बंद करायच्या मागे लागू नका, आधी ती कुणापुढे करताय ते बदला.

हे करायचं कसं, ते माझ्याच घरातलं सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत आणि रात्रीचं सगळं माझ्याकडे आहे. कूस बदलणं, अंथरूण बदलणं, त्या घाबरून हाका मारतात तेव्हा उठणं. धाकटे दीर फोन करून काळजी कशी घ्यावी ते समजावतात, येत मात्र नाहीत. हे मी बहिणीला सांगितलं की आमच्या दोघींचा तासभर छान जातो आणि फोन ठेवल्यावर मी आधीपेक्षा जास्त चिडलेली असते. तेच मी प्रभूला सांगते तेव्हा मोठ्यानं, नाव घेऊन, वाक्य पूर्ण करून सांगते. ‘प्रभू, मी थकले आहे, सर्वांना आशीर्वाद दे’ असली गुळगुळीत प्रार्थना नको. ‘मला झोप हवी आहे. दीर येत नाहीत याचा मला राग आहे. तू बघतोस आणि काही करत नाहीस, असं मला वाटतं.’ इथवर बोलायचं आणि मग काय हवं ते मागायचं. मागणं न करता थांबलात तर तीही कुरकुरच राहते.

मोठ्यानं बोलायचा एक फायदा असा की निम्म्या तक्रारी तोंडातून निघतानाच लहान वाटायला लागतात. उरलेल्या खऱ्या असतात.

शब्द सुचत नसतील तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 13 वं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत. सुरुवातीला चार वेळा ‘कोठवर’ विचारलंय, मग मागणं आहे, मग शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा आणि गाणं. हा क्रम उलटा करू नका. आपल्याकडे गाण्यापासून सुरुवात करायची फार घाई असते.

आता कुरकुर ओळखायची कशी? तिची स्मरणशक्ती विचित्र असते, त्यावरून. त्याच अध्यायात लोक म्हणतात, मिसरात मासे फुकट मिळायचे. काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, सगळी यादी आठवते. विटा थापताना पाठीवर पडलेला चाबूक आठवत नाही. आणि हे लोक तेच, ज्यांनी तांबड्या समुद्राकाठी विजयाचं गीत गायलं आणि तीनच दिवसांनी मारा इथल्या कडू पाण्यावरून मोशेला धारेवर धरलं. म्हणून ‘पूर्वी किती बरं होतं’ असं मनात आलं की मी स्वतःला विचारते, यातून मी काय वगळलंय? सासूबाई हिंडत्या-फिरत्या होत्या तेव्हाही आमचं रोज वाजायचं. हे आठवलं की ‘पूर्वी’ची झळाळी जरा उतरते.

उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानण्याचं, शिक्षण मला बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातून मिळालं. कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात ते पुस्तक! 7 व्या अध्यायात नियम आहे: नवसाच्या अर्पणाचं मांस दुसऱ्या दिवशीही खाल्लेलं चालेल, पण उपकारस्तुतीच्या अर्पणाचं त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. माझा आपला अंदाज, एवढं मांस एका घराला संपणार नाही, म्हणजे चार माणसं बोलवावी लागणार आणि कशाबद्दल ते सांगावं लागणार. तेव्हा आभार त्याच दिवशी माना आणि कुणाला तरी ऐकू येतील असे माना. वर्षअखेरीला मंडळीपुढे द्यायच्या साक्षीसाठी साठवू नका.

काय म्हणायचं? ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ म्हणजे कशाबद्दलच नाही. 136 वं स्तोत्र बघा. 26 ओव्या, प्रत्येकीच्या शेवटी त्याची दया सनातन आहे हे पालुपद, आणि आधी एकेक घटना: समुद्र दुभंगला, रानातून नेलं, राजांची तर नावंसुद्धा. वहीत अशाच ओळी लिहा. तुमच्या घरात घडलेली एक गोष्ट, मग पालुपद. माझ्या वहीत ‘आज त्या पहाटेपर्यंत शांत झोपल्या’ आहे, ‘नर्सताईंनी पाठीवरची जखम भरत आल्याचं सांगितलं’ आहे, आणि दिरांनी एकदा न मागता औषधांचे पैसे पाठवले तेही आहे. ते लिहायला मला जड गेलं.

आजाराबद्दल आभार मानायची सक्ती करून घेऊ नका. प्रेषित पौलानं थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलंय, प्रत्येक वाईट गोष्टीला चांगली म्हणायला नाही.

एका आभारापासून मात्र सांभाळा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, तोही देवाचे आभारच मानतो, मी इतरांसारखा नाही म्हणून. ‘त्या शेजारणीकडे बघा, आपण किती सुखी’ हे त्याच जातीचं. दुसऱ्याचं दुःख मोजून मिळालेलं समाधान त्या शेजारणीला काही बरं झाल्यावर लगेच आटतं.

आणि माणसांचे आभार माणसांना सांगा. येशूनं दहा कुष्ठरोगी शुद्ध केले, परत आला एक, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत त्यांतला. तो मनातल्या मनात कृतज्ञ नव्हता. रस्त्यानं मागे फिरून, मोठ्यानं देवाचं गौरव करत, येशूच्या पायांवर पडला. नर्सताईंबद्दल प्रार्थनेत बोलून झाल्यावर त्यांनाही बोलायचं राहतं, हे मला मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

काही दिवस यातलं काहीच होत नाही. त्या दिवसांसाठी 88 वं स्तोत्र आहे. त्यात वळण नाही, शेवटी गाणं नाही, अंधारातच ते संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ते वाचून पुस्तक मिटलं तरी ती प्रार्थना पूर्ण झाली असं मी धरते.

दुसऱ्याच्या अशा दिवसात मात्र उपकारस्तुतीची वचनं पाठवू नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते. बोलायला लागले आणि शेवटी परमेश्वरानं त्यांना सांगितलं की माझ्या सेवकानं, ईयोबानं, माझ्याविषयी जे रास्त ते बोललं, तसं तुम्ही बोलला नाहीत. एवढ्या तक्रारी करणारा ईयोब! आता कुणाच्या घरी दुःख झालं की मी वचन पाठवत नाही. रात्री सोबतीला कुणी हवंय का, एवढं विचारते, आणि हवं असेल तर आमच्या गटात पाळी लावून देते.