गुडमार, स्ट्रेप्टोझोटोसिन आणि विस्टार उंदीर: फार्माकॉलॉजीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एम.फार्म.ची ज्युनिअर मुलं सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) आठवड्यात हमखास विचारतात, "दादा, मधुमेहासाठी कुठली वनस्पती घेऊ?" जांभूळ, कारलं, मेथी, गुडमार, बिबळा... सगळ्यांवर ढीगभर पेपर आहेत. माझं उत्तर ठरलेलं असतं: वनस्पती नंतर बघू, आधी मॉडेल ठरव, म्हणजे प्राण्यात मधुमेह कसा घडवायचा ते.

विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांत मधुमेह घडवायला सहसा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. त्याच्या रेणूत ग्लुकोजचा तुकडा असतो. त्यामुळे ग्लुट-२ नावाच्या वाहकाला फसवून ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत शिरतं आणि त्यांचा डीएनए मोडतं. किलोला ६०-६५ मिलिग्रॅमचा एकच डोस दिला की बहुतेक बीटा पेशी मरतात, म्हणजे चित्र टाइप-१ च्या जवळचं होतं. आता गंमत बघा. याच उंदरांत असंख्य थीसिसमध्ये तुलनेचं औषध म्हणून ग्लिबेनक्लामाइड दिलेलं असतं. ते तर बीटा पेशींकडून इन्शुलिन काढून घेणारं औषध. पेशीच उरल्या नसतील तर इन्शुलिन येणार कुठून? तरीही तक्त्यात साखर अगदी नॉर्मलला आलेली दिसते! असा तक्ता दिसला की मी आधी डायबेटिक कंट्रोलचे (मधुमेह घडवलेल्या पण औषध न दिलेल्या गटाचे) आकडे बघतो. बऱ्याचदा तो गटही आपोआप सुधारत असतो, कारण मुळात पेशी पुरत्या मेलेल्याच नसतात.

तेव्हा तुमच्या अर्काकडून काय अपेक्षा आहे ते आधी लिहून काढा. इन्शुलिन स्रवणं वाढेल असा दावा असेल तर स्ट्रेप्टोझोटोसिनच्या १५ मिनिटं आधी निकोटिनामाइड द्या. काही पेशी वाचतात आणि ग्लिबेनक्लामाइडलाही अर्थ येतो. इन्शुलिन रेझिस्टन्सवर (शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही त्यावर) काम करायचं असेल तर आधी चरबीयुक्त आहार आणि मग स्ट्रेप्टोझोटोसिनचा किलोला ३५ मिलिग्रॅमचा छोटा डोस. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या संस्थेतल्या गटाने २००५ साली मांडलेली ही पद्धत आपल्याकडे चांगली रुळली आहे. तिथे तुलनेसाठी मेटफॉर्मिन ठेवा.

आयएईसीचा (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नीतिसमितीचा) फॉर्म-बी हा परवानगीचा अर्ज भरताना प्राण्यांची संख्या नीट मांडा. गटात सहा उंदीर धरले, तरी इंडक्शनमध्ये (मधुमेह घडवताना) काही मरतात आणि काहींची साखर चढतच नाही. ते जादा उंदीर कारणासकट आधीच मागून घ्या. नंतर वाढवून मागायचे तर पुढच्या बैठकीची वाट बघत बसावं लागतं. माद्या स्ट्रेप्टोझोटोसिनला कमी दाद देतात, म्हणून नर घेतात.

इंडक्शनचा दिवस मात्र घाईचा. पीएच ४.५ चा सायट्रेट बफर बर्फात गार करून ठेवायचा. उंदरांची वजनं आणि प्रत्येकाला किती मिलिलिटर द्यायचं ते कागदावर आधीच तयार हवं, कारण स्ट्रेप्टोझोटोसिनची पावडर विरघळली की थोड्याच वेळात निकामी व्हायला लागते. थोडी थोडी विरघळवा, कुपीला फॉइल गुंडाळा. इंजेक्शननंतर काही तासांनी फुटलेल्या पेशींतलं इन्शुलिन एकदम रक्तात येतं, साखर कोसळते आणि सकाळी पिंजऱ्यात मेलेले उंदीर सापडतात. म्हणून पहिल्या रात्री साध्या पाण्याऐवजी ग्लुकोजचं पाणी लावायचं. ७२ तासांनी शेपटीच्या टोकातून थेंब घेऊन उपाशीपोटी साखर मोजा. २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वरचे उंदीर प्रयोगात घ्या. गट पाडताना साखरेप्रमाणे सारखे वाटून पाडा, नाहीतर ५०० वाले सगळे कंट्रोलमध्ये आणि २६० वाले औषधाच्या गटात जातात, आणि अर्क फुकटात गुणकारी ठरतो. ग्लुकोमीटर ६०० च्या पुढे नुसतं 'हाय' दाखवतो. 'हाय'चा अ‍ॅनोव्हा (गटांची सांख्यिकी तुलना) होत नाही, म्हणून सीरममधली साखर मोजायला जीओडी-पीओडी किट हाताशी ठेवा.

यानंतर उंदीर प्रचंड पाणी पितात आणि तेवढंच मुततात. भाताचं तूस रोज बदलावं लागतं, पाण्याच्या बाटल्याही जादा लागतात. शनिवार-रविवारी हे कोण करणार ते आधीच ठरवा.

डोसचं गणितही एकदा करून बघाच. ४०० मिलिग्रॅम प्रति किलो हा उंदराचा लाडका डोस. उंदराचा डोस माणसाच्या डोसात बदलायला ६.२ ने भागलं की माणसाला किलोमागे साधारण ६५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम कोरडा अर्क. उतारा १० टक्के धरला तर चाळीसेक ग्रॅम वाळलेला पाला, रोज! म्हणून अर्कापाशी थांबू नये, त्यातलं संयुग वेगळं करावं असं माझं मत. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या ग्वानिडीन वर्गाच्या संयुगांपर्यंत जातं. आजची ग्लिफ्लोझिन वर्गाची मधुमेहाची औषधं १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडलेल्या फ्लोरिझिनवरून सुचली. एम.फार्म.च्या वेळेत संयुग वेगळं करणं जमत नसेल, तर निदान एचपीटीएलसीवर (संयुगं वेगळी करून मोजायच्या तंत्रावर) एक मार्कर (वनस्पतीतलं ओळखीचं संयुग) मोजून घ्या आणि वनस्पतीचं हर्बेरियम (दाबून वाळवलेला नमुना) पुण्याच्या बीएसआयकडून (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून) ओळख पटवून घेऊन ठेवा. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) पहिला प्रश्न बहुधा त्याच्या व्हाउचर नंबरावरच (नमुन्याच्या नोंदणी क्रमांकावरच) विचारतात.