पोशाखाची प्रेरणा शोधायची कशी? अजिंठ्याच्या भिंतीपासून पैठणीच्या उलट्या बाजूपर्यंत

फॅशन किंवा वेशभूषा शिकायला लागलं की पहिला प्रकल्प येतो आणि त्यासोबत प्रश्नही येतो, ‘तुझी प्रेरणा काय?’ मग एका रात्रीत पिंटरेस्टवरची ढीगभर चित्रं मूडबोर्डवर, म्हणजे कल्पना मांडण्याच्या फलकावर, चिकटतात. बोर्ड देखणा होतो, पण शिवायला बसलं की हाती काही लागत नाही, कारण कापड कसं पडतं, शिवण कुठून जाते, गाठ कुठे बसते हे त्या चित्रांत दिसतच नाही. प्रेरणा नक्षीपेक्षा रचनेत जास्त असते, आणि रचना समजायला वस्तूसमोर जाऊन उभं राहावं लागतं.

१. एकच स्रोत धरा. ‘भारतीय लोककला’ हा स्रोत होत नाही. अजिंठ्याचं एक लेणं, एक नेसण, एक विणकाम असं काहीतरी निवडा आणि महिनाभर त्यालाच चिकटून राहा. कोल्हापूरच्या भानू अथय्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून वेशभूषेकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्याआधी, १९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला होता. चित्रकाराची नजर पोशाखाला काय देते, ते या कामात दिसतं.

२. पेन्सिल घेऊन प्रत्यक्ष जा. अजिंठ्याला १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत चित्रं सर्वांत जास्त टिकून आहेत. सोमवारी लेणी बंद असतात. आत उजेड मंद असतो आणि फ्लॅश चालत नाही, त्यामुळे फोटोंवर भिस्त ठेवू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग काढायला घ्या.

पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या, चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचं, शिवलेलं वस्त्र आहे. आजूबाजूच्या कित्येक आकृत्यांच्या अंगावर मात्र नुसतं गुंडाळलेलं, न शिवलेलं कापड. एकाच भिंतीवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी! पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रंही नीट बघा. मांडीच्या गोलाईवर पट्टा वाकतो, त्यामुळे रंगाची छटा न बदलताही शरीराचा आकार कळतो. वहीत दागिने आणि चेहरे काढत बसू नका. कापड कुठे ताणलंय, कुठे सैल आहे, कंबरेला कशाने धरलंय, तेवढंच टिपा.

अजिंठ्याला जाणं जमत नसेल, तर मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईकरांचे पोशाख आणि पगड्या दाखवणारी मातीची छोटी मॉडेल्स आहेत. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंसाठी पाहावं.

३. कापड उलटून पाहा. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीचा पदर उलटा केला, तरी मोर आणि वेल तशीच्या तशी दिसते. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात अडकून परत फिरतो. यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. हे कळलं की विचार पुढे जातो: दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं कापड दुमडता येतं. कॉलर उलटली, बाही वर सरकवली, तरी ‘आतली बाजू’ उरत नाही. ब्लाउजवर मोर छापण्यापेक्षा ही कल्पना मला कितीतरी मोलाची वाटते. त्यासाठी आजीची पैठणी कापायची मात्र अजिबात गरज नाही.

४. चित्राची पडताळणी करा. राजा रविवर्मांनी देवतांना साडी नेसवली आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून ती रूपं घरोघरी गेली. चित्रं सुंदर आहेत, पण तो एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराचा विचार आहे, पुराणकाळाचा पुरावा नव्हे. प्रत्येक चित्रासोबत त्या काळातला एखादा फोटो किंवा खरं वस्त्र शोधाच.

५. लगेच मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, उतरवा. टिपणं वहीत साठवून ठेवू नका. नऊवारीच घ्या. नेसणाऱ्या बाईंना विनंती करा आणि त्या नेसत असताना प्रत्येक टप्पा रेखाटा. कासोटा मागे खोचला की एकसंध कापडाचे दोन पाय होतात, कात्री न लावता. कोळणीची साडी गुडघ्यापर्यंत वर असते, लावणी कलावंताची घोट्यापर्यंत चापून बसते. कामाप्रमाणे नेसण बदलते. आता अर्ध्या मापाच्या डमीवर (शिवणकामाच्या पुतळ्यावर) मांजरपाट लावून फक्त ‘न कापता दोन पाय’ एवढंच साधायचा प्रयत्न करा. काठ नको, बुट्टी नको, रंगही नको. साध्या कापडावर कल्पना उभी राहिली, तर रंग नंतर निवडता येतो.

६. श्रेय लिहा. पोर्टफोलिओच्या त्याच पानावर स्रोत नोंदवा: लेण्याचा क्रमांक, विणकराचं नाव आणि गाव, नेसण दाखवणाऱ्या बाईंचं नाव. नाव छापायची परवानगी आधी विचारा. त्यांनी त्यासाठी वेळ मोडला असेल, तर त्याचे पैसेही द्या.