कारखान्यात दुभाषी म्हणून जाताय? या चुका टाळा

पुण्यात जपानी शिकलेल्यांना तोटा नाही. चाकण-रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात जपानी तज्ज्ञ येणार म्हटलं की दुभाषी लागतो, आणि नुकतीच एन-टू (जपानीच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) झालेली मंडळी आधी दिवसाचा रेट विचारतात. विचारा, जरूर विचारा. पण तिथे मशीनमधून नेमकं काय निघतं, हे विचारणारे फार थोडे. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तोंडी परीक्षासुद्धा नाही, मग नायलॉन कधी वाळवायचं हे त्या अभ्यासक्रमात कुठून येणार?

शब्दांची यादी केली म्हणजे तयारी झाली, असं समजणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. आदल्या रात्री इंजेक्शन मोल्डिंगचे (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून पार्ट काढायचं काम) शे-दोनशे शब्द उतरवून घ्यायचे, हल्ली तर एआयकडून आयतेच काढायचे, आणि सकाळी गाडीत घोकायचे. यादीला माझी ना नाही, पण काम कसं चालतं ते ठाऊक नसेल तर यादीतला शब्द कुठे बसवायचा हेच कळत नाही.

एका कारखान्यात नायलॉनच्या पार्टवर चंदेरी चट्टे येत होते. ट्रायलला जपानी तज्ज्ञ आले होते. सोबतची दुभाषी मुलगी एन-वन, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, बोलणं अस्खलित, हातात रंगीत पेनांनी नटवलेली यादी. तज्ज्ञांनी विचारलं, "किती तास वाळवता?" एवढंच. काय वाळवता, ते बोलले नाहीत. जपानीत हे नेहमीचंच, आणि ऐकणाऱ्याला काम माहीत असलं की काही अडतही नाही. हिला वाटलं, साच्यातून निघालेला पार्ट. तिने ऑपरेटरला विचारलं, "दादा, पार्ट किती तास वाळवता?" तो हसलाच. "वाळवायचा कशाला ताई? गार होऊनच पडतो. उचलायचा नि पेटीत भरायचा." तिने इमानाने सांगितलं, "वाळवत नाहीत."

झालं! ट्रायल बंद, हॉपर (दाणा ओतायचं नरसाळं) रिकामा करा, मटेरियल बाजूला काढा. वास्तविक दाणा, म्हणजे नायलॉनचा कच्चा माल, रीतसर ड्रायरमधून येत होता आणि ड्रायर पलीकडच्याच भिंतीला उभा होता. पण तिला ते पिंप कशाचं हेच माहीत नव्हतं. घोटाळा उलगडेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. चट्ट्यांचं कारण त्यानंतर सापडलं: वाळवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये पडून राहायचा आणि पावसाळी हवेतली ओल पुन्हा धरायचा.

नायलॉन हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून दाणा साधारण ८० अंश सेल्सिअसला काही तास वाळवून मगच वितळवतात. ओला दाणा बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापत्या नळीत, गेला की पाण्याची वाफ होते, पार्टवर चट्टे उठतात, शिवाय पार्ट ठिसूळ होतो. तयार पार्ट वाळवण्याचं तर सोडाच, काही ठिकाणी त्याला मुद्दाम ओल देतात, चिवटपणा यावा म्हणून. एवढं वाचायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास यादी रंगवण्यात गेला होता.

माझी सवय अशी: कोऱ्या कागदावर दाण्यापासून पेटीपर्यंतचा प्रवास बाणांनी काढायचा आणि प्रत्येक बाणापाशी विचारायचं, ही पायरी चुकली तर पार्टवर काय दिसेल? उत्तर येईना की तिथेच अभ्यास कमी आहे. शब्दांची यादी त्यानंतर. आणि कामाच्या दिवशी मी तासभर आधी जाऊन मशीनपाशी उभा राहतो. यूट्यूबवरची मशीन आणि इथली मशीन यात फरक असतो.

पद्धत माहीत नसताना "का?" विचारणं

टोयोटाने रुजवलेली पाच वेळा "का" विचारण्याची पद्धत आता सगळीकडे चालते. ती ठाऊक नसलेला दुभाषी तज्ज्ञांचा शांत "का" ऑपरेटरपर्यंत पोचवतो तो "असं का केलंस?" असा. ऑपरेटर बिचारा म्हणतो, "चुकलं साहेब, पुन्हा नाही होणार." आता पुढे काय शोधणार? तज्ज्ञांना माणसाची चूक नकोच असते. ती चूक होऊ शकली कशामुळे, ते हवं असतं. म्हणून मी सुरुवातीलाच तज्ज्ञांची परवानगी घेऊन ऑपरेटरला सांगतो: दादा, हे तुम्हाला बोल लावत नाहीत, एकच प्रश्न चार-पाचदा येईल, जे घडतं ते सांगा.

बाकीच्या, थोडक्यात

"जनरल मीटिंग आहे, तयारी नको," असं एजन्सी म्हणाली की विश्वास ठेवू नका. जनरल मीटिंगसाठी कुणी नागोयाहून माणूस आणत नाही. पार्टचं ड्रॉइंग आणि मागच्या तक्रारीचा रिपोर्ट मागा. रिपोर्ट हाती आला की निम्मी मीटिंग आधीच कळते.

ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बघून ठेवा. ०.०५ मिलिमीटर म्हणजे ५० मायक्रॉन, हे तिथे उभं राहून मोजत बसायचं नसतं. तो आधी पाहिलेला असला की चुकून ०.५ ऐकू आलं तरी कान टवकारतात.

एकाच वस्तूचं साहेब वापरतात ते इंग्रजी नाव आणि लाईनवरचं नाव वेगळं असतं. चहाच्या वेळी ऑपरेटरला विचारा, तुम्ही याला काय म्हणता? आनंदाने सांगतात.

न कळलेलं गुळमुळीत करून पुढे ढकलू नका. "थांबा, हे मला दाखवा," म्हटल्याने कुणाची अब्रू जात नाही.

याच्या उलटही एक जमात आहे. चार ट्रायल पाहिल्या की हे स्वतःच निदान सांगायला लागतात. होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवायचा दाब) वाढवा म्हणे! तुम्हाला कुणी विचारलं?

ग्राहकाचं ड्रॉइंग भाषांतरासाठी कुठल्याही फुकट ऑनलाईन टूलमध्ये टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, ती वाचा तरी.

आणि तयारीच्या दिवसाचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. एजन्सी कुरकुर करते. मी ती ओळ खोडत नाही. फार ताणलं तर प्रवासखर्चात थोडं कमी करतो.