मासेमारीच्या नव्या नियमांवर हरकत किंवा सूचना कशी नोंदवावी

राज्य सरकार मासेमारीचा नियम बदलायला निघते तेव्हा बंदरावर चर्चा खूप होते, पण मंत्रालयातल्या फाइलीत त्यातले फारसे काही पोहोचत नाही. फाइलीत जाते ते वेळेत, लेखी आणि मुद्देसूद आलेले म्हणणे. ते कसे द्यायचे, ते या लेखात सांगतो. मच्छीमार, मासळी विकणाऱ्या बायका, बर्फ आणि डिझेलवाले, हौसेने गळ टाकणारे, घरी मासे खाणारे असे कोणीही ते देऊ शकते. मसुद्याच्या अधिसूचनेत ‘बाधा पोहोचण्याचा संभव असलेल्या सर्व व्यक्तींच्या माहितीसाठी’ असे शब्द असतात. त्या ‘सर्व व्यक्तीं’मध्ये तुम्ही बसता.

आधी नियम कोणाचा ते पाहा

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत येते. त्यापलीकडची मासेमारी हा केंद्राचा विषय आहे. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी बंदीसाठी म्हणूनच दोन वेगळे आदेश निघतात, एक राज्याचा आणि एक केंद्राचा. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा असे तुम्हाला म्हणायचे असेल, तर ते दोन्हीकडे म्हणावे लागेल.

राज्याचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. बदल त्याखाली कोणत्या वाटेने येतो, त्यावर तुमची संधी ठरते. अधिनियमातच दुरुस्ती असेल तर ती विधिमंडळातून जाते. 2021 मध्ये आधी अध्यादेश काढून दंड वाढवले गेले आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. अध्यादेश काढण्यापूर्वी सहसा कोणी विचारत नाही, पण त्याच्या जागी विधेयक येते तेव्हा स्थानिक आमदाराच्या हातात कलमनिहाय दुरुस्ती लिहून देता येते. नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध होणार असेल, तर हरकती व सूचना मागवल्या जातात. तिसरी वाट थेट आदेशाची, आणि मासेमारीत ती बरीच वापरली जाते. पर्ससीनवर (मासळीच्या थव्याला घेरून तळाशी आवळायचे मोठे जाळे) निर्बंध घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश ठाऊक नाही असा मच्छीमार कोकणात विरळा. आदेशाची कुणकुण लागली की मसुद्याची वाट न पाहता निवेदन द्यायचे. त्याची रचना हरकतीसारखीच ठेवावी.

मसुदा मिळवा आणि तारीख नीट वाचा

मसुदा महाराष्ट्र शासन राजपत्रात येतो, बहुतेक वेळा असाधारण अंकात. राजपत्र शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. शोधताना विभागाचे नाव टाका: कृषी, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय विकास व मत्स्यव्यवसाय विभाग. ते जमत नसेल तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन प्रत मागा. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांनी हे काम आपलेच समजावे. मोबाइलवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका. त्यात ‘परंतु’ने सुरू होणारी वाक्ये गाळलेली असतात आणि नेमकी सूट त्याच वाक्यांत दडलेली असते.

अधिसूचनेत एक तारीख किंवा मुदत दिलेली असते. महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, 1904 च्या कलम 24 नुसार त्या तारखेच्या आधी मिळालेल्या हरकती व सूचना विचारात घेणे शासनावर बंधनकारक आहे. तेव्हा पत्र टाकल्याची तारीख कामाची नाही, पत्र पोहोचले कधी हे बघितले जाते. शेवटच्या आठवड्यात पालघरहून किंवा मालवणहून टाकलेल्या पत्राचा भरवसा धरू नये.

कलम हातात घेऊन पाण्याशी ताडून पाहा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘हा नियम मच्छीमारांवर अन्याय करणारा आहे, तो रद्द करावा’ असे लिहिलेली पाचशे पत्रे गेली, तरी कार्यालयाच्या तक्त्यात त्यांची एकच ओळ होते: सरसकट विरोध. सह्या जमवायला केलेली वणवण त्या एका ओळीत विरते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण सह्या करणाऱ्यांना पाण्याची जी जाण असते, ती मसुदा लिहिणाऱ्याकडे असतेच असे नाही.

समजा, जाळ्याचा किमान आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, ठरवणारा मसुदा आला. लहान मासळी निसटावी हा हेतू चांगलाच आहे. पण डोल हे प्रवाहात एका जागी बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे, आणि तिचा खोला, म्हणजे जाळ्याचे शेवटचे निमुळते टोक, बारीक आसाचाच असतो, कारण त्यात जवळा धरायचा असतो. पूर्ण वाढलेला जवळासुद्धा बोटाच्या दोन पेरांएवढाच. पापलेटची पिल्ले वाचवायला ठरवलेला आस डोलीला जसाच्या तसा लावला, तर जवळा सगळा निसटेल आणि तो वाळवून विकणाऱ्या बाईचे घर बसेल. उलट, त्याच बारीक खोल्यात पापलेट आणि घोळीची पिल्लेही अडकतात, हेही खरे आहे आणि ते लपवू नये. मग सूचना काय असावी? सरसकट सूट मागण्याऐवजी जवळ्याच्या हंगामापुरती बारीक आसाची परवानगी मागा. पिल्ले ज्या महिन्यांत जास्त लागतात त्या महिन्यांत ठराविक वाव (पाण्याची खोली मोजायचे माप) पाण्याच्या आत डोली न लावण्याची तयारी दाखवा. ते महिने कोणते आणि ते पाणी कुठले, हे तुमच्या कोळीवाड्यातल्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, कोणत्याही अहवालाइतके ठाऊक असते. त्याच्याजवळ बसून लिहून घ्या.

किमान लांबीच्या नियमाचेही असेच. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. असा नियम पुढे बदलायला निघाला तर काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची की शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत? जाळे ओढेपर्यंत लहान मासा मेलेला असतो, तर एका फेरीत अशा मासळीचे किती प्रमाण माफ? तपासणी बंदरावर होणार की बाजारात पाटीवर बसलेल्या बाईच्या टोपलीत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात राहून गेले असेल, तर मासळी विक्रेत्या महिलांच्या संस्थेने स्वतःचे वेगळे पत्र द्यावे. धरणारा एक आणि दंड भरणारी दुसरी, असे होता कामा नये.

पत्र असे लिहा

मराठीत लिहा, शक्यतो दोन पानांत. वर अधिसूचनेचा क्रमांक, दिनांक आणि विषय. मग तुम्ही कोण, कोणत्या बंदरावरचे, कोणत्या प्रकारची मासेमारी करता, नौकेला किती सिलिंडरचे इंजिन आहे किंवा नौका बिगरयांत्रिक आहे का, हे दोन ओळींत. पुढे प्रत्येक मुद्दा कलमाच्या क्रमांकाने सुरू करा. एक नमुना:

‘मसुद्यातील नियम क्रमांक अमुक. सध्याचा शब्दप्रयोग सर्व जाळ्यांना लागू होतो. आमच्या बंदरावर डोलीने जवळा धरला जातो व या नियमामुळे तो पूर्ण बंद होईल. सबब, “डोल जाळी वगळून” हे शब्द घालावेत, किंवा डोल जाळ्यांसाठी हंगामानुसार वेगळा आस विहित करावा. सोबत बंदरावर उतरवलेल्या मासळीच्या संस्थेकडील मागील तीन वर्षांच्या नोंदी जोडल्या आहेत.’

पर्यायी शब्द तुम्हीच लिहून द्यायचे. अधिकाऱ्याला ते उचलून मसुद्यात बसवता येतात, आणि नाकारायचे असतील तर कारण शोधावे लागते. पुरावा म्हणून संस्थेची वही, लिलावाच्या पावत्या, डिझेल कोट्याच्या नोंदी जोडा. जाळ्याच्या आसाचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा.

मूळ अधिनियमच सांगतो की निर्बंध घालताना पारंपरिक नौकांनी मासेमारी करणाऱ्यांचे हित, माशांचे संवर्धन आणि समुद्रावरील शांतता व सुव्यवस्था या गोष्टी लक्षात घ्यायच्या. तुमचा मुद्दा यांपैकी कशात बसतो ते एका वाक्यात म्हणा, वजन वाढते. मसुद्यातले जे पटते तेही लिहा. चांगल्या कलमाला पाठिंबा देणारे कोणी नसले, की विरोधकांच्या दबावाखाली तेच कलम आधी गळते.

संस्थेचा ठराव आणि वैयक्तिक पत्र दोन्ही पाठवा. ठरावावर सभेची तारीख आणि उपस्थितांची संख्या हवी.

द्या आणि पोच घ्या

अधिसूचनेत दिलेल्या पत्त्यावर प्रत्यक्ष द्या किंवा स्पीड पोस्टने पाठवा, आणि ई-मेलचा पत्ता दिला असेल तर त्यावरही टाका. हाताने दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एक प्रत जिल्हा कार्यालयाला आणि एक आमदारांना.

पालघर जिल्ह्यातल्या नियोजित वाढवण बंदरासाठी जानेवारी 2024 मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, तशी मासेमारीच्या नियमांवरही होईल असे अनेकांना वाटते. ती सुनावणी पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेतली होती. मासेमारीच्या मसुद्यावर अशी उघड सुनावणी बंधनकारक नाही, म्हणून कागदच भक्कम हवा. बैठक घ्यावी अशी विनंती पत्राच्या शेवटी जरूर करा.

मुदत संपल्यावर

अंतिम नियम राजपत्रात आले की मसुद्याशी ओळीने ओळ लावून पाहा. तुमची सूचना घेतली नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: आलेल्या हरकतींचा गोषवारा, त्यांवरील विभागाचे अभिप्राय आणि संबंधित टिपणीची प्रत मागा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. याच कायद्याच्या कलम 4 खाली बाधितांना निर्णयाची कारणे देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, त्याचा उल्लेख करा. मुदतीत आलेल्या हरकतींचा विचारच झाला नाही असे टिपणीवरून दिसले, तर वकिलाचा सल्ला घ्या. अशा वेळी तुमच्या प्रतीवरचा आवक क्रमांक हाच पहिला पुरावा असतो.