कंबर-मान ‘मोडून’ घेण्याआधी या चुका टाळा

सोयाबीनची सोंगणी संपत नाही तोच कापसाची वेचणी लागते, आणि हाडवैद्याच्या ओसरीवर गर्दी होते. आता तालुक्याच्या गावातही कायरोप्रॅक्टिकचे बोर्ड दिसू लागलेत, मान कडकन वाजवून घेण्याचे व्हिडिओ तर घरोघरी पोहोचलेत. मणक्यांच्या सांध्याला हाताने नेमका झटका देऊन हालचाल मोकळी करण्याची ही पद्धत अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये सुरू केली. साध्या कंबरदुखीत तिने काहींना खरोखर उतार पडतो. मोठे नुकसान होते ते मुख्यतः झटका द्यायचाच नव्हता अशा दुखण्याला तो दिल्यामुळे.

‘हाड सरकलं’ असे धरून चालणे

कडकन वाजते ते हाड जागेवर बसल्याचा आवाज नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो, त्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. म्हणून तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटे जावी लागतात. आवाज न होताही आराम पडू शकतो आणि चार वेळा वाजूनही काही फरक पडत नाही. झाडावरून किंवा गाडीवरून पडून मणक्याला खरेच मार बसला असेल, तर त्याला कोणीच झटका द्यायचा नसतो.

वाकताना भरलेली चमक बहुतेकांची चार ते सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. पायाळूची लाथ, मंतरलेला दोरा आणि कायरोप्रॅक्टिकचे महागडे सिटिंग (उपचाराची एकेक बैठक) या तिघांनाही जे यश मिळते, त्यात या ओसरण्याचा वाटा मोठा आहे. दोरा निदान निरुपद्रवी तरी असतो. साठीपुढच्या बाईच्या ठिसूळ मणक्यावर लाथ किंवा जोराचा दाब पडला, तर मणका दबून मोडू शकतो.

दुखणे न ओळखता हात लावू देणे

विदर्भात ही चूक जास्त महागात पडते. इथे आदिवासी आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. त्याच्या क्रायसिसमध्ये, म्हणजे दुखण्याच्या अचानक झटक्यात, पाठ, कंबर, हातपाय असह्य दुखतात. थंडी, ताप, अतिश्रम किंवा पाणी कमी पडणे हे निमित्त ठरते. हे दुखणे रक्तवाहिन्या तुंबल्याचे असते. चोळून किंवा मोडून ते जाणार नाही, उलट दवाखान्यात पोहोचायला उशीर होईल. तरुण पोराची पाठ-हाडे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, घरात कोणाला सिकलसेल असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेल ओळखणारी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या. दुखण्यासोबत ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर घरी थांबू नका.

दुसरी गोष्ट मणक्याचा टीबी. रात्री पडल्यावरही ठणकणारी पाठ, संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन, मणक्यावर एकाच ठिकाणी दाबले की कळ. अशा किडलेल्या मणक्याला झटका दिला तर पाय लुळे पडू शकतात.

चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन मणक्यांचे बंध ताठ होतात. दातांवर तपकिरी डाग आहेत आणि पाठ लाकडासारखी आखडली आहे, अशा माणसाची मान जबरदस्तीने फिरवणे धोक्याचे असते. कमरेच्या एका बाजूने जांघेकडे उतरणारी कळ आणि लघवीला जळजळ असेल तर मुतखड्याचा संशय घ्या. इथल्या उन्हात तो काही नवलाचा नाही.

‘गुडघ्या-कमरेची पुडी’ महिनोन्महिने घेणाऱ्यांनी हे नक्की सांगावे. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते, त्याने हाडे ठिसूळ होतात. पुडी एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

आणि लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा.

मानेला कमरेसारखेच समजणे

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने वळवली की क्वचित त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडते, गुठळी होते आणि पक्षाघात येतो. हे विरळ आहे, पण झाले तर आयुष्यभराचे. म्हणून कटिंगनंतर न्हाव्याने मान दोन्हीकडे मोडणे हा प्रकार सरळ नाकारावा. सिटिंगलाही ‘मानेला झटका नको, हळू हालचालीने करा’ असे सांगता येते. मानेच्या दुखण्यात हळू पद्धतही कामी येते.

मान मोडल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत चक्कर, तोल जाणे, दोन-दोन दिसणे, बोलणे जड होणे, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणे यांपैकी काही दिसले तर १०८ ला फोन करा. ‘मान मोडली होती’ हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देतात, आणि गावापासून सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायलाच त्यातला बराच वेळ जातो.

प्रत्येक डोकेदुखीचे खापर मानेवर फोडणे

मानेतून येणारी डोकेदुखी शक्यतो एकाच बाजूला असते, मानगुटीपासून वर चढते आणि मान वळवली की वाढते. तिला मानेच्या उपचाराने फरक पडू शकतो. ठणका, उलटी आणि उजेड नकोसा वाटणे हे मायग्रेनकडे बोट दाखवते. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखीची गोळी घेणाऱ्याचे डोके त्या गोळीमुळेच दुखत असू शकते.

फवारणी करून आल्यावर डोके दुखतेय, घाम फुटलाय, लाळ गळतेय, मळमळतेय, बाहुल्या बारीक झाल्यात, तर ती विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. डोके दाबत बसू नका. अचानक फुटल्यासारखे दुखलेले डोके, तापासोबत आखडलेली मान, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे यांतही थेट दवाखाना गाठा.

पॅकेज, पट्टा आणि पलंग

भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. त्यामुळे बोर्डापेक्षा पदवी पाहा. नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर आधी गाठणे सोयीचे. विचारपूस नाही, पायांची ताकद आणि संवेदना तपासली नाही, थेट टेबलावर झोपवले, तर उठून या. चार ते सहा सिटिंगमध्ये काहीच फरक नसेल तर पुढे पैसे घालू नका. पहिल्याच दिवशी तीस सिटिंगचे पॅकेज विकणाऱ्याला दुखण्यापेक्षा पावतीची काळजी जास्त असते. सिटिंगनंतर एक-दोन दिवस अंग दुखणे चालते, पायात नवी मुंग्या-बधिरता आली तर पुढचे सिटिंग रद्द.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, मणक्यांचे हस्तोपचार आणि मालिश यांना जागा आहे, कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे) यांची शिफारस मात्र नाही. आपल्याकडे उलटेच चालते. साध्या चमकेत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पलंगावर राहू नका, दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे चाला. पालथे पडून कोपरांवर दोन-तीन मिनिटे टेका. पायातली कळ कमरेकडे सरकली तर चालू ठेवा, पायात खाली उतरली तर थांबवा.

वावरातली कारणे तशीच राहिली तर दुखणे परत येते. सोळा लिटरचा भरलेला फवारणी पंप वीस किलोच्या वर जातो. तो दहा-बारा लिटरच भरा, जमिनीवरून न उचलता बैलगाडीच्या पाट्यावर किंवा कमरेइतक्या उंच धुऱ्यावर ठेवून खांद्यावर घ्या, आणि दोन्ही पट्टे सारखे आवळा. वेचणीत कमरेची ओटी पाच-सहा किलो झाली की रिकामी करा.