ऑलिंपिकमधील अपरिचित खेळ कसे पाहावेत

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ३२ खेळांच्या मिळून ३२९ पदकस्पर्धा झाल्या. आपल्या घरोघरी मात्र हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती आणि भालाफेक एवढेच आवर्जून पाहिले गेले. यात प्रेक्षकांचा दोष थोडाच आहे, कारण जो खेळ कधी खेळलो नाही आणि ज्याचे नियम ठाऊक नाहीत, तो अचानक समोर आला की चॅनेल बदलले जाणे स्वाभाविक आहे. परंतु थोडी पूर्वतयारी केली, तर यातील कितीतरी खेळ क्रिकेटच्या अखेरच्या षटकाइतकेच खिळवून ठेवतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा. दोन किंवा तीनच खेळ निवडावेत आणि त्या प्रत्येकाबाबत एकाच प्रश्नाचे उत्तर आधी शोधून ठेवावे: या खेळात निकाल नेमका कुठे ठरतो? संपूर्ण नियमावली वाचण्याची गरज नाही. हे एक उत्तर हाती असले की नजर आपोआप योग्य ठिकाणी जाते.

उदाहरणादाखल ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स ही नेमबाजीची स्पर्धा घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी याच प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर प्रथमच महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. नेमबाजांना आधी गुडघ्यावर बसून, मग पालथे झोपून आणि शेवटी उभे राहून नेम साधावा लागतो. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे ५० मीटर अंतरावरून करंगळीच्या नखाएवढा ठिपका. पॅरिसच्या अंतिम फेरीत बसून आणि झोपून प्रत्येकी १५, तर उभ्याने १० गोळ्या झाल्यावर आठांपैकी तळाचे दोघे बाद झाले. त्यानंतर प्रत्येक गोळीगणिक एकेक जण कमी होत गेला. बसून आणि झोपून मारताना शरीराला जमिनीचा आधार असल्याने गुणांत फार अंतर पडत नाही. खरी उलथापालथ उभ्याने होते, कारण तेथे रायफलीचा सारा भार अंगावर तोलायचा असतो. कुसाळे पहिल्या टप्प्यानंतर सहावे आणि दुसऱ्यानंतर पाचवे होते. ते तिसऱ्या स्थानी आले ते उभ्याच्याच टप्प्यात.

म्हणून हा सामना पाहताना पडद्यावरच्या आकड्यांवरून नजर काढून थोडा वेळ नेमबाजाकडे पाहावे. तो गालाला रायफल लावतो, श्वास सोडतो, काही क्षण स्थिर राहतो आणि मग गोळी न झाडताच रायफल खाली घेतो. नवख्या प्रेक्षकाला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण मनाजोगा नेम बसत नसताना चाप न ओढण्याचा तो निर्णय असतो आणि घड्याळ चालू असताना तो घ्यायला फार मोठा संयम लागतो. हे एकदा लक्षात आले की ही स्पर्धा कंटाळवाणी आहे असे पुन्हा कधी म्हणवत नाही.

चालण्याच्या शर्यतीत पुढे कोण आहे यापेक्षा स्पर्धकांचे पाय आणि कोणाला किती लाल कार्डे झाली ते दाखवणारा फलक पाहावा. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराच्या रेषेत सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटल्याचे साध्या डोळ्यांना दिसता कामा नये. मार्गावरील पंच आधी पिवळी पाटी दाखवून सावध करतात आणि नियमभंग स्पष्ट दिसला की लाल कार्ड नोंदवतात. पॅरिसच्या २० किलोमीटर शर्यतीत तीन लाल कार्डे झालेल्या स्पर्धकाला दोन मिनिटे राखीव जागेत थांबावे लागत असे आणि चौथे कार्ड पडले की तो बाद होत असे. त्यामुळे अखेरच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या खेळाडूच्या नावापुढे दोन कार्डे दिसली, तर त्याचे पुढचे प्रत्येक पाऊल श्वास रोखून पाहावे लागते.

तलवारबाजी प्रथमच पाहणाऱ्याने एपे या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. फॉइल आणि सेबर या दुसऱ्या दोन प्रकारांत दोघांचाही वार लागला, तर चढाईचा हक्क कोणाचा होता हे पंच ठरवतात आणि ते पटकन उमजत नाही. एपेमध्ये संपूर्ण शरीर हे लक्ष्य असते. ज्याचा वार आधी लागेल त्याला गुण मिळतो आणि सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचेही वार लागले तर दोघांनाही. दिवा लागला की कोणी वार केला ते कळते, समालोचकावर विसंबावे लागत नाही.

शक्य असल्यास निवडलेल्या खेळाची पात्रता फेरीही पाहावी. रायफल नेमबाजीच्या अंतिम फेरीत आठच चेहरे उरतात. कोण थोडक्यात पात्र ठरला आणि कोण सहज, हे आधी पाहिलेले असेल तर त्या आठांविषयी आपलेपणा वाटू लागतो. दूरचित्रवाणी वाहिन्या भारतीय खेळाडूंच्या सामन्यांना प्राधान्य देतात, म्हणून मोबाइल ॲपवर त्या त्या खेळाचे स्वतंत्र थेट प्रक्षेपण आहे का, ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवावे.

२०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसमध्ये १४ ते ३० जुलै या काळात होणार आहे आणि ते शहर तेव्हा आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असेल. तेथील संध्याकाळी सहाची अंतिम फेरी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसेल, तर तेथील सकाळी दहाची शर्यत आपल्या रात्री साडेदहाला. वेळापत्रक उतरवून घेताना तारीख बदलते आहे का, हे प्रत्येक ओळीपाशी तपासावे, कारण चूक हमखास तेथेच होते. कामावर जाणाऱ्यांना सकाळचे काही सामने नंतर पाहावे लागतील. त्यांनी आदल्या रात्रीच बातम्यांच्या सूचना बंद कराव्यात आणि निकाल कोणी सांगू नये, हे घरातही बजावून ठेवावे.