मोबाइलच्या स्लो मोशनने मॉनिटरचा इनपुट लॅग कसा मोजायचा

इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये गेमिंग मॉनिटर बघायला गेलात की दुकानदार पहिलं वाक्य हेच टाकतो, "भिया, वन एमएस है". तो वन एमएस (एक मिलिसेकंद) म्हणजे रिस्पॉन्स टाइम, पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, आणि तोही बहुतेक वेळा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला जबरदस्तीने पळवणारी सेटिंग) पार ताणून काढलेला आकडा. इनपुट लॅग वेगळा. ग्राफिक्स कार्डाकडून सिग्नल मॉनिटरमध्ये शिरला तिथपासून चित्र स्क्रीनवर उमटेपर्यंत आतलं सर्किट जो वेळ खातं तो, आणि तो बॉक्सवर सहसा छापलेलाच नसतो. तेव्हा आपणच मोजायचा, आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत मोजायचा.

लागतं काय तर २४० एफपीएसचं (सेकंदाला २४० फ्रेम) स्लो मोशन असलेला मोबाइल, एक स्टँड (पुस्तकांची चळतही चालते), वायरवाला माउस आणि तुलनेला दुसरा मॉनिटर, जुना असो की मित्राचा. दुसरा मॉनिटर कशाला? कारण व्हिडिओत आपल्याला क्लिकपासून गेममधल्या बंदुकीचा फ्लॅश दिसेपर्यंतचा जो वेळ दिसणार आहे त्यात माउस, यूएसबी, गेम, ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी मॉनिटर असे सगळेच मिसळलेले असतात, त्यातून एकट्या मॉनिटरचा हिस्सा मोबाइलने काढता येत नाही. पण पीसी तोच, माउस तोच, गेम तोच ठेवून फक्त मॉनिटर बदलला तर जो फरक उरतो तो मॉनिटरचाच. माझ्या मते घरी मोजण्यासारखी गोष्ट हीच, एकेकट्या आकड्याच्या मागे लागून काही हाती येत नाही.

आधी मोबाइलची परीक्षा घ्या. बरेच फोन ९६० एफपीएस म्हणतात आणि मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात, त्या मोडच्या नादी लागू नका. २४० वर ठेवून ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) स्क्रीनवर सरकणारं काहीतरी शूट करा, प्रत्येक चित्र व्हिडिओत ४ फ्रेम टिकलं पाहिजे. तेवढं जमलं की फोन खरा, आणि एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद.

आता सेटिंग. दोन्ही मॉनिटर आधी एकाच रिफ्रेश रेटवर (हेच ते हर्ट्झ) आणा, नाहीतर ६० आणि १४४ हर्ट्झमधला फरकच लॅग म्हणून मोजला जाईल (६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ ला ६.९ ची). रिझोल्यूशन ज्याचं त्याचं नेटिव्ह (पॅनेलचं मूळ) असलेलं बरं, आणि दोघांचं सारखंच असेल तर उत्तम. व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम स्क्रीनच्या रिफ्रेशला बांधणारी सेटिंग) बंद, गेम फुलस्क्रीन, एफपीएसला कॅप लावून एका आकड्यावर स्थिर. माउसचा पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा पीसीला खबर देतो तो आकडा) १००० हर्ट्झ करा, १२५ वर असला तर तिथेच ८ मिलिसेकंदांपर्यंत इकडेतिकडे होतं. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, थंड पॅनेलचे पिक्सेल आळशी असतात, जानेवारीतल्या सकाळी तर जास्तच.

खोलीतली ट्यूब बंद करा, हे विसरूच नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि स्लो मोशनमध्ये अख्खं चित्र उजेड-अंधार, उजेड-अंधार करत राहतं, मग बंदुकीचा फ्लॅश कुठला आणि ट्यूबचा कुठला कळत नाही. दिवसा खिडकीच्या उजेडात शूट करणं सगळ्यात बरं.

माउस स्क्रीनच्या अगदी पायाशी आणा, म्हणजे बटणावरचं बोट आणि क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मध्यातली नेमाची खूण) दोन्ही एका फ्रेममध्ये येतील. काउंटर-स्ट्राइकसारखा गेम ऑफलाइन लावा, पिस्तूल हातात घ्या आणि भिंतीकडे तोंड करून वीसेक वेळा क्लिक करा. बोट वरून टपकन मारा, हळूच दाबू नका, म्हणजे बटण तळाला टेकलं ती फ्रेम स्पष्ट सापडते. बघायचं नेहमी स्क्रीनच्या मध्यावर. स्क्रीन वरून खाली रंगवली जाते, ६० हर्ट्झवर वरच्या आणि खालच्या टोकात जवळपास १६ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, त्यामुळे एकदा वर आणि एकदा खाली बघितलं तर सगळी मेहनत पाण्यात.

व्हिडिओ पीसीवर केबलने घ्या, व्हॉट्सॲपवरून पाठवला की तो दाबला जातो आणि फ्रेम उडतात. व्हीएलसीमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, मागे जात नाही, म्हणून क्लिकच्या जरा आधीच थांबा. बटण टेकलेली फ्रेम शून्य धरून फ्लॅशची पहिली झाक दिसेपर्यंत मोजा. पूर्ण उजळायची वाट बघायची नाही, नाहीतर त्यात रिस्पॉन्स टाइम घुसतो. कधी १२ येतील कधी १६, घाबरू नका, क्लिक रिफ्रेशच्या मध्ये कुठेही पडू शकते म्हणून तसं होतं आणि म्हणूनच वीस वेळा.

समजा जुन्या मॉनिटरची सरासरी १४.५ फ्रेम आली आणि नव्याची ११.९. फरक २.६, गुणिले ४.१७, म्हणजे साधारण ११ मिलिसेकंद नवा वेगवान. नंतर नवा त्याच्या खऱ्या १४४ वर टाकून पुन्हा मोजा, कारण काही मॉनिटर ६० वर उगाच जास्त लॅग दाखवतात आणि तुम्ही खेळणार तर १४४ वरच.

जुन्या डबा (सीआरटी) मॉनिटरशेजारी एलसीडी ठेवून दोघांवर एकच स्टॉपवॉच क्लोन करायचं आणि फोटो काढायचा, ही पद्धत अजून कोणीतरी सुचवतंच. फोटोत ३ वर ४ चढून ८ सारखं काहीतरी येतं, शिवाय दोन्ही आउटपुट एकाच क्षणी निघतात याची खात्री नाही. मला ती पटत नाही.

त्याहून बारीक मोजायचं तर महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा, बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड ओळखणारा सुटा भाग) आणि आर्डुइनो लिओनार्डो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) एवढंच मुख्य सामान लागतं. लिओनार्डो स्वतः माउस बनून क्लिक पाठवतं आणि डायोडवर उजेड पडेपर्यंतचा वेळ मोजतं, बोटाचा आणि फ्रेम मोजण्याचा अंदाज त्यातून निघून जातो. गेम आणि ग्राफिक्स कार्डाचा वेळ मात्र त्यातही राहतोच, तेव्हा तुलना इथेही करावीच लागते. बॅकलाइट पीडब्ल्यूएमवाला (भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी करणारा) असेल तर ब्राइटनेस पूर्ण ठेवा, नाहीतर त्याच्या लुकलुकण्यावरच रीडिंग येत राहतील.

नवा मॉनिटर मागे पडला तर लगेच दुकान गाठू नका, आधी त्याच्या मेनूत गेम मोड लावा, नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा आणि परत मोजा, टीव्हीवर तर एकट्या गेम मोडने दहावीस मिलिसेकंद सहज कमी होतात. आणि तरीही उरलेला फरक ३-४ मिलिसेकंदांच्या आतला असला तर तो या मोबाइलवाल्या पद्धतीच्या चुकीतच बसतो, तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.